घड्याळाला विचारा, स्वतः मोजू नका

पुणे जिल्ह्यातल्या बैलगाडा शर्यतीची एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. सातारा-सांगलीकडे अनेक गाड्या एकाच वेळी सुटतात आणि पुढे कोण आलं ते डोळ्यांना दिसतं. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात मात्र घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एका वेळी एकच गाडा पळतो. शेजारी प्रतिस्पर्धी नसतो. सकाळी नवाला पळालेला गाडा आणि दुपारी चारला पळालेला गाडा यांची तुलना करायला एकच साधन असतं, ते म्हणजे घड्याळ. एका गाड्याची धाव, म्हणजे बारी, बारा-तेरा सेकंदांत आटोपते. निवेदक माइकवरून सेकंद पुकारतो, आणि त्या आकड्यावरून नंबर ठरतो, घाटाचा राजा ठरतो. बैलांना पोटच्या पोरासारखं जपणाऱ्या घराची वर्षभराची मेहनत दशांश चिन्हाच्या पुढच्या दोन अंकांवर येऊन ठेपते.

स्टॉपवॉच कसं बनवायचं, हा या पुस्तिकेचा विषय आहे. म्हणजे खिडकी, बटणं आणि पळणारे आकडे असलेलं, संगणकावर किंवा मोबाइलवर चालणारं अ‍ॅप. प्रोग्रॅमिंग शिकणारा बहुतेक प्रत्येक विद्यार्थी हे अ‍ॅप पहिल्या दोन-तीन महिन्यांत बनवतो, ‘सुरू’, ‘थांबा’, ‘शून्य’ अशी तीन बटणं लावतो, आकडे पळताना बघून खूश होतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. माझ्या मते तो फार लवकर वळतो. दिसायला सोपा पण आत खोल असा दुसरा सराव मला माहीत नाही. आणि पुणे जिल्ह्यातल्या आपल्या दौंड भागात तर तो नुसता सराव राहत नाही.

दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत, गट क्रमांक ५ आणि गट क्रमांक ७. जवळच नानवीजला बलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. साहजिकच भरतीचा सराव करणारी मुलं इथे पहाटेपासून रस्त्यावर आणि मैदानावर दिसतात. राखीव बलासाठी ५ किलोमीटर धाव, १०० मीटर धाव आणि गोळाफेक. जिल्हा पोलिसांसाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. धावेचे गुण वेळेच्या टप्प्यांवर ठरतात आणि टप्पा हुकला की गुण जातात. राज्याच्या भरतीत आता धावणाऱ्याला चिप लावून वेळ घेण्याची पद्धत आली आहे, पण सराव होतो तो मित्राच्या हातातल्या मोबाइलवर. तो मोबाइल चुकीची वेळ सांगत असेल, तर मुलगा महिनोन्‌महिने चुकीच्या विश्वासावर धावतो आणि खरी वेळ त्याला भरतीच्या दिवशी कळते.

घाटाकडे परत येऊ. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलगाडा शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह त्यांना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांना इजा होऊ नये म्हणून घातलेल्या अटी योग्यच आहेत आणि त्या पाळल्या गेल्याच पाहिजेत. या पुस्तिकेच्या दृष्टीने मात्र त्या साडेसात वर्षांतली दुसरी एक घडामोड महत्त्वाची आहे. त्याच काळात स्वस्त स्मार्टफोन गावागावांत पोहोचला. बंदीआधी वेळ म्हणजे पंचांच्या हातातल्या घड्याळातली वेळ. बंदी उठली तेव्हा बघणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात स्टॉपवॉच होतं. आज बारी संपली की गर्दीत चार फोनवर चार वेगळ्या वेळा दिसतात. त्यातल्या काही हाताच्या चुकीमुळे वेगळ्या असतात, पण काही अ‍ॅप लिहिणाऱ्याच्या चुकीमुळे वेगळ्या असतात. हाताची चूक कमी करता येते. अ‍ॅपची चूक पूर्ण काढून टाकता येते.

ती चूक नेमकी कुठे होते? नवशिक्या विद्यार्थी असा विचार करतो : दर १० मिलिसेकंदांनी वाजणारा टायमर लावू, तो वाजला की मोजणीत १० मिलिसेकंद मिळवू आणि नवा आकडा स्क्रीनवर लिहू. कागदावर हे बिनचूक दिसतं. गडबड अशी, की टायमर वेळेवर वाजेल असं वचन संगणकाने कधीच दिलेलं नसतं. ‘किमान इतका वेळ गेल्यावर, मला सवड झाली की हाक मारीन’ एवढंच तो कबूल करतो. विंडोजच्या नेहमीच्या व्यवस्थेत संगणकाचा आतला ठोका सेकंदाला ६४ वेळा पडतो, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी. तुम्ही १० मागितले तरी हाक साधारण १५.६ मिलिसेकंदांनीच येते. मग एका खऱ्या सेकंदात ६४ हाका, प्रत्येक हाकेला १० मिलिसेकंद, म्हणजे अ‍ॅपच्या मते ०.६४ सेकंद. बारा सेकंदांची बारी हे अ‍ॅप ७.६८ सेकंदांची दाखवेल. एवढा मोठा घोटाळा कुणाच्याही लक्षात येतो, म्हणून तो त्यातल्या त्यात बरा.

घातक असते ती लहान चूक. समजा ठोका बारीक आहे, पण आकडा स्क्रीनवर रंगवायला २ मिलिसेकंद लागतात आणि ते झाल्यावरच पुढचा टायमर लावला जातो. मग प्रत्येक फेरी १० ऐवजी १२ मिलिसेकंदांची होते आणि बारा सेकंदांचे दहा दिसतात. रंगवण्याचं काम हलकं असेल तर चूक अर्ध्या सेकंदावर येते, आणि अर्ध्या सेकंदाची चूक नजरेला दिसत नाही. शिवाय ती रोज सारखी नसते. खिडकीच्या अ‍ॅपमध्ये बटण दाबणं, आकडा रंगवणं, टायमरची हाक ही सगळी कामं एकाच रांगेत उभी असतात आणि एकामागून एक होतात. मध्येच कुणी गाड्यांची यादी फाइलमध्ये जतन केली आणि अ‍ॅप क्षणभर अडकलं, की तेवढ्या हाका बुडाल्या. त्या कुणी भरून देत नाही.

मोजत-मोजत साचणारी चूक किती दूर नेते, याचं एक भीषण उदाहरण जगाने पाहिलं आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या दहरान इथे अमेरिकेच्या पॅट्रियट या क्षेपणास्त्ररोधक यंत्रणेला इराकचं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मारले गेले. यंत्रणा वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजत होती. एक दशांश ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही. ती २४ बिटांत कापून ठेवली होती. कापलेला तुकडा नगण्य होता, पण यंत्रणा सलग १०० तास चालू होती आणि तेवढ्यात चूक साठून सुमारे ०.३४ सेकंद झाली. क्षेपणास्त्राच्या वेगाला एक तृतीयांश सेकंद म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर. आपल्या स्टॉपवॉचवर कुणाचा जीव अवलंबून नाही हे खरं, पण ०.०१ पुन्हापुन्हा मिळवणाऱ्या अ‍ॅपचा दोष त्याच जातीचा आहे. म्हणून या पुस्तिकेत वेळ सगळीकडे पूर्णांकात, नॅनोसेकंदांत ठेवली आहे. दशांश चिन्ह येतं ते फक्त स्क्रीनवर लिहिताना.

उपाय दोन ओळींचा आहे. ‘सुरू’ दाबताच घड्याळाला वेळ विचारून टिपून ठेवा. नंतर जेव्हा जेव्हा आकडा दाखवायचा असेल तेव्हा घड्याळाला पुन्हा विचारा आणि टिपलेली वेळ वजा करा. टायमर राहू द्या, पण त्याचं काम आता फक्त आकडा रंगवण्याचं. त्याला उशीर झाला, तो चार वेळा चुकला, तरी पाचव्या वेळी आकडा पुन्हा खरा दिसतो, कारण आता चूक साचायला जागाच उरत नाही. आणि ज्याला विचारायचं ते घड्याळ खरंच भरवशाचं असतं. मनगटी घड्याळातला साधा क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. तो दशलक्षात २० भागांनी चुकला, तर दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. बारा सेकंदांच्या बारीत तो फरक पाव मिलिसेकंदाहूनही कमी. संगणकातले स्फटिकही साधारण याच तोडीचे असतात.

इथपर्यंत बरेच जण येतात. पुढचा प्रश्न असा, की विचारायचं कोणत्या घड्याळाला? संगणकात एकाहून अधिक घड्याळं असतात आणि त्यांतलं सगळ्यांना माहीत असलेलं घड्याळ स्टॉपवॉचच्या कामाचं नाही.

दौंडच्या वाचकाला हे रेल्वेच्या घड्याळावरून लगेच समजेल. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले आणि मुंबईची स्वतःची वेळ निराळी होती, आजच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. दौंडसारख्या, दोन मार्ग जिथे मिळतात अशा जंक्शनवर दोन वेळा असून चालणार नाही. म्हणून रेल्वेच्या नियमांत रोज १६.०० वाजता प्रमाणवेळेचा संकेत मुख्य स्टेशनांना देण्याची आणि त्यावरून घड्याळं जुळवून घेण्याची पद्धत आहे. फार शहाणी पद्धत आहे ही. पण समजा चारला दोन मिनिटं कमी असताना तुम्ही स्टेशनच्या घड्याळावर एखादी गोष्ट मोजायला घेतली, आणि मधेच मास्तरांनी काटा एक मिनिट पुढे सरकवला. तुमची मोजणी एका मिनिटाने चुकली. घड्याळ मात्र बरोबरच होतं. इतरांशी जुळतं राहणं हे त्याचं काम होतं आणि ते त्याने केलं.

फोनच्या कोपऱ्यात दिसणारी वेळ ही अशी जुळवून घेतली जाणारी वेळ आहे. नेटवर्क तिला गुपचूप मागेपुढे करतं. माणूसही हाताने बदलू शकतो. कधीकधी तर जगच तिला एक सेकंद थांबवतं : भारतीय वेळेनुसार १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे साडेपाचच्या आधी एक जादा सेकंद घातला गेला, तेव्हा क्लाउडफ्लेअर या मोठ्या इंटरनेट कंपनीच्या यंत्रणेचा एक भाग कोलमडला. त्या प्रोग्रॅमने गृहीत धरलं होतं की वेळ कधी मागे जात नाही, आणि वजाबाकी ऋण आली. स्टॉपवॉचला हवं असतं ते दुसरं घड्याळ, जे फक्त पुढेच जातं आणि ज्याला कुणी हात लावू शकत नाही. त्यात किती वाजले ते कळत नाही, पण किती वेळ गेला ते नक्की कळतं. पायथनमध्ये २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून ‘मोनोटॉनिक’ आणि ‘परफ काउंटर’ या नावांनी ते मिळतं. पुस्तिकेतली संगणकावरची उदाहरणं दुसऱ्यावर लिहिली आहेत, कारण विंडोजवर पहिलं अनेक आवृत्त्यांत त्याच १५.६ मिलिसेकंदांच्या ठोक्याने पुढे सरकत असे.

अँड्रॉइडमध्ये आणखी एक खाच आहे आणि पाच किलोमीटर धावणाऱ्यांसाठी ती फार महत्त्वाची आहे. तिथे न मागे फिरणारी घड्याळं दोन आहेत. एक ‘अपटाइम’, जे फोन गाढ झोपला की थांबतं. दुसरं ‘इलॅप्स्ड रिअलटाइम’, जे झोपेतही चालतं. मित्राने घड्याळ लावून फोन खिशात टाकला, स्क्रीन बंद झाली, वीस-बावीस मिनिटांनी फोन बाहेर काढला, तर पहिल्या घड्याळावर लिहिलेलं अ‍ॅप झोपेची मिनिटं गाळून वेळ सांगू शकतं. मुलगा आनंदाने उड्या मारेल. त्या आनंदाची जबाबदारी अ‍ॅप लिहिणाऱ्यावर आहे.

घड्याळ बरोबर निवडलं की उरतो तो क्षण टिपण्याचा प्रश्न. पुस्तिकेतलं सगळ्यात मोठं प्रकरण याच विषयावर आहे. स्क्रीनवरचं बटण सहसा बोट टेकल्यावर चालत नाही, बोट उचलल्यावर चालतं. या दोन क्षणांत सेकंदाचा दहावा हिस्सा सहज जातो, आणि गडबडीत दाबलेलं बटण आणि निवांत दाबलेलं बटण यांत तो सारखा नसतो. म्हणून बोट टेकण्याची घटना पकडायची, आणि सर्वांत आधी घड्याळ विचारायचं; रंग बदलणं, आवाज करणं, यादीत नोंद करणं हे सगळं नंतर. ‘थांबा’ दाबल्यावर स्क्रीनवर शेवटी जो आकडा होता तोच निकाल म्हणून ठेवण्याची चूकही फार जण करतात. अनेक स्क्रीन सेकंदाला ६० वेळा रंगतात, म्हणजे डोळ्यांसमोरचा आकडा सतरा मिलिसेकंदांपर्यंत शिळा असू शकतो. निकाल नेहमी टिपलेल्या दोन क्षणांच्या वजाबाकीतून यावा, मग स्क्रीन काहीही दाखवत असो.

एवढं केलं की अ‍ॅप निर्दोष होतं आणि दोष उरतो तो माणसाचा. तोही समजून घेतला पाहिजे, कारण नाहीतर आपण निर्दोष अ‍ॅपने चुकीचा आकडा मोठ्या विश्वासाने छापू. झेंडा पडलेला दिसल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. शेवटच्या रेषेवर मात्र धावणारा येताना दिसत असतो, म्हणून बोट तयारीत असतं आणि उशीर कमी होतो. सुरुवात उशिरा, शेवट वेळेवर. परिणामी हाताने घेतलेली वेळ खऱ्यापेक्षा कमी भरते. १०० मीटरच्या हाताच्या वेळेची विद्युत वेळेशी तुलना करताना ०.२४ सेकंद मिळवण्याची प्रथा त्यातूनच आली. त्यात शिट्टी वाजवून धाव सोडली तर भर पडते : आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर उभ्या असलेल्याला शिट्टी ०.२९ सेकंद उशिरा ऐकू येते. मैदानी स्पर्धांत वेळाधिकारी पिस्तुलाच्या आवाजाची वाट पाहत नाहीत, ते धूर किंवा ठिणगी पाहून बटण दाबतात, आणि हाताची वेळ शतांशात जाहीर होतच नाही. ती पुढच्या दशांशापर्यंत वाढवून लिहितात : १२.३१ आली तर १२.४. तिघांनी वेळ घेतली आणि तिन्ही वेगळ्या आल्या तर मधली वेळ धरतात.

हा नियम मला अतिशय सभ्य वाटतो. जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगायचं, आणि शंका असेल तिथे धावणाऱ्याला फुकटचा फायदा द्यायचा नाही. या पुस्तिकेतल्या अ‍ॅपमध्ये म्हणूनच ‘हात’ आणि ‘सेन्सर’ अशा दोन पद्धती ठेवल्या आहेत. हाताने वेळ घेतली तर निकाल दशांशातच दिसतो. शतांश हवे असतील तर रेषेवर सेन्सर लावा. मागणी कितीही झाली तरी यात सवलत देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

कारण शतांशाची किंमत फार मोठी असते. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं कांस्यपदक ०.०१ सेकंदाने गेलं, ५५.४१ आणि ५५.४२ एवढाच फरक. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस धावला ८ मिनिटं ११.२० सेकंदांत. सुवर्ण मिळवणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ होती ८ मिनिटं ११.१५ सेकंद. आठ मिनिटांच्या धावेत ०.०५ सेकंदाचा फरक, आणि तरी त्यावर वाद झाला नाही. वाद होत नाही, कारण ती वेळ कुणाच्या अंगठ्याने घेतलेली नसते. तिचा छायाचित्रात पुरावा असतो.

पुराव्याची ही गरज स्टॉपवॉचइतकीच जुनी आहे. १८२१ मध्ये पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर घोड्यांच्या शर्यती मोजण्यासाठी निकोला र्‍यूसेक या घड्याळजीने एक यंत्र आणलं. घोडा रेषेवर आला की त्याची सुई फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका टाकत असे. शर्यत संपल्यावरही ठिपके राहत आणि पुन्हा मोजता येत. आपल्या अ‍ॅपने हेच करावं. प्रत्येक बारीची सुरुवात आणि शेवट यांच्या कच्च्या नोंदी, गोल न करता, बदलता येणार नाही अशा फाइलमध्ये राहाव्यात. पंचांनी चार वाजता दिलेला निकाल कुणी सहा वाजता विचारला, तर तो उघडून दाखवता आला पाहिजे. घाटावरची भांडणं सेकंदांवरून जेवढी होतात तेवढीच ती नोंद नसल्यामुळे होतात.

वाचकाला काही सूचना. या पुस्तिकेतला कोड वाचण्याआधी तुम्ही पूर्वी लिहिलेलं किंवा फोनवर उतरवलेलं स्टॉपवॉच तपासा. फोनमधल्या मूळ स्टॉपवॉचबरोबर ते एकाच वेळी सुरू करा आणि तासभर राहू द्या. मध्ये दहा मिनिटं स्क्रीन बंद ठेवा. एकदा सेटिंगमध्ये जाऊन फोनची वेळ हाताने दोन मिनिटं मागे करा. अ‍ॅपमध्ये यादी असेल तर ती झरझर वरखाली सरकवा. तासाभराने दोन्ही एकदम थांबवा. फरक बोटाच्या चुकीपेक्षा, म्हणजे पाव-अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त आला, तर फरकाच्या आकारावरून चूक कुठली ते ओळखा : दोन मिनिटांचा असेल तर घड्याळ चुकीचं निवडलं आहे, दहा मिनिटांच्या आसपास असेल तर घड्याळ झोपतं आहे, आणि वेडावाकडा असेल तर अ‍ॅप स्वतः मोजत बसलं आहे. मग त्या त्या प्रकरणापासून वाचायला सुरुवात करा. सगळं क्रमाने वाचण्याची गरज नाही.

आणि अ‍ॅप तयार झालं की ते आपल्या गावच्या मैदानावर घेऊन जा. पहाटे धावणाऱ्या मुलामुलींना विनामूल्य द्या, यात्रा समितीला दाखवा, पंचांच्या घड्याळाशेजारी ठेवून वर्षभर ताडून पाहा. जिथे चुकेल तिथे दुरुस्त करा आणि दुरुस्ती इतरांनाही कळवा.